वाक्याला लेबल कोणी लावले? साताऱ्यातील एका वाचनगटाचा अनुभव

संगणकीय भाषाविज्ञान, म्हणजे माणसांची भाषा संगणकाकडून कशी हाताळून घ्यायची याचा अभ्यास; त्यातील शोधनिबंध एकत्र बसून वाचणारा एक गट मी साताऱ्यातील आमच्या विद्यापीठात गेली काही वर्षे चालवते आहे. मी मराठी विभागात व्याकरण आणि भाषाविज्ञान शिकवते. माझ्याबरोबर संगणकशास्त्राचे एक सहकारी आणि संख्याशास्त्राचे एक प्राध्यापक असतात. बाकीची मंडळी म्हणजे या विभागांतील एम.ए. आणि एम.एस्सी.ची मुले-मुली व एखाद-दुसरा पीएच.डी.चा विद्यार्थी. असा गट पुण्या-मुंबईत शोभेल, साताऱ्यात त्याचे काय काम, असे सुरुवातीला अनेकांनी विचारले. या विषयात हा प्रश्न इतर विषयांइतका अडचणीचा नाही. असोसिएशन फॉर कम्प्युटेशनल लिंग्विस्टिक्स ही या क्षेत्रातील प्रमुख संघटना १९६२ साली स्थापन झाली, आणि तिच्या परिषदांतले व नियतकालिकांतले शोधनिबंध ‘एसीएल अँथॉलॉजी’ या संग्रहातून कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. ज्या विषयाचे जवळजवळ सगळे मूळ साहित्य असे खुले आहे, तो विषय जिल्ह्याच्या ठिकाणी शिकता येत नाही असे म्हणायला आधार उरत नाही. अडचण निबंध मिळवण्याची नसते. मिळालेला निबंध पुरता समजेपर्यंत धीर धरण्याची असते, आणि तो धीर एकट्याने धरणे कठीण जाते म्हणून गट लागतो.

वेळ शनिवारी दुपारची ठेवली, कारण पाटण आणि मेढ्याकडे जाणाऱ्या मुलांना एसटी गाठायची असते आणि कमवा व शिका योजनेत काम करणाऱ्यांची कामे त्या वेळेपर्यंत आटोपलेली असतात. बैठक ठरलेल्या वेळी सुरू होते आणि ठरलेल्या वेळी संपते. मुद्दा अर्धवट राहिला तर तो पुढच्या शनिवारवर जातो. एक निबंध साधारण दोन बैठकांत वाचायचा, हा नियम आम्ही पहिल्यापासून पाळला. दर आठवड्याला नवा निबंध घेणारे गट असतात, पण त्यांत प्रस्तावना आणि निष्कर्ष यांच्यापलीकडे वाचन सहसा जात नाही असे माझे मत आहे.

पहिला निबंध कोणता घ्यावा यावर आमची बरीच चर्चा झाली. संगणकाच्या मुलांना २०१७ सालचा, आजच्या भाषा-मॉडेलांचा, म्हणजे मजकूर वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या यंत्रांचा, पाया ठरलेल्या ट्रान्सफॉर्मर रचनेचा प्रसिद्ध निबंध हवा होता. मराठीच्या मुलांना त्यातील गणित पहिल्याच दिवशी पेलले नसते, आणि संगणकाच्या मुलांनाही भाषेविषयी बोलण्याची संधी त्यात कमी मिळाली असती. म्हणून आम्ही रिको सेनरिख, बॅरी हॅडो आणि अलेक्झांड्रा बर्च यांचा २०१६ सालचा निबंध निवडला. यंत्रानुवादात क्वचित येणाऱ्या शब्दांचे काय करायचे, हा त्याचा विषय. १९९४ मध्ये फिलिप गेज यांनी माहिती आटोपशीर साठवण्यासाठी सुचवलेली एक युक्ती त्यांनी भाषेला लावली: सुरुवातीला प्रत्येक अक्षरचिन्ह सुटे धरायचे, मजकुरात सर्वांत जास्त वेळा शेजारी येणारी जोडी शोधायची, ती एकत्र करून नवे एकक मानायचे, आणि हेच पुनःपुन्हा करत जायचे. इतकी सोपी कल्पना आज बहुतेक मोठ्या भाषा-मॉडेलांच्या दारात उभी आहे, कारण मजकूर मॉडेलमध्ये शिरण्याआधी अशाच एखाद्या पद्धतीने त्याचे तुकडे केले जातात.

निबंधातील प्रयोग इंग्रजी-जर्मन आणि इंग्रजी-रशियन या जोड्यांवर होते. आम्ही फळ्यावर ‘विद्यार्थ्यांसाठी’ हा शब्द लिहिला आणि मुलांना त्यातील युनिकोड चिन्हे, म्हणजे संगणक लिपी साठवताना जी सुटी चिन्हे धरतो ती, मोजायला सांगितली. व, ऱ्हस्व इकार, द, हलन्त, य, काना, असे करत गेल्यावर ती १७ भरतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत ३ बाइट घेते, म्हणजे या एका शब्दाला ५१ बाइट लागतात. याच अर्थाचे इंग्रजीतील दोन शब्द मधल्या मोकळ्या जागेसकट १२ बाइटांत मावतात. जी मॉडेले अक्षरांऐवजी बाइटांपासून जोड्या करायला लागतात, त्यांच्यापुढे मराठी शब्द सुरुवातीलाच चौपटीहून अधिक तुकड्यांत येऊन पडतो, आणि जोड्या जुळवण्यासाठी वापरलेल्या मजकुरात मराठीचा वाटा कमी असेल तर ते तुकडे पुढेही फारसे जुळत नाहीत. मॉडेलची किंमत, वेग आणि एका वेळी वाचता येणारा मजकूर हे सर्व तुकड्यांच्या संख्येवर मोजले जात असल्याने हा फरक नुसता कागदावरचा राहत नाही.

मराठी विभागातील एका मुलीने त्याच शब्दाखाली व्याकरणाचे तुकडे लिहिले: विद्यार्थी, त्याचे अनेकवचनी सामान्यरूप ‘विद्यार्थ्यां’ आणि पुढे ‘साठी’ हे शब्दयोगी अव्यय. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या व्याकरणापासून आपण सामान्यरूपाची जी चर्चा शिकवत आलो, ती यंत्राला कोणी शिकवलेलीच नाही, हे त्या दोन ओळी एकाखाली एक पाहिल्यावर सगळ्यांच्या लक्षात आले. पुढच्या बैठकीला संगणकाच्या एका मुलाने जोड्या जुळवण्याची ती पद्धत पायथन या संगणकभाषेत थोड्याशा ओळींत लिहून आणली आणि वर्गमित्रांनी टंकलेल्या निबंधांवर चालवून दाखवली. आधी जोडाक्षरांचे तुकडे जुळले, मग ‘च्या’ आणि ‘ण्या’ तयार झाले, आणि बऱ्याच फेऱ्यांनी ‘साठी’ एकसंध उभे राहिले. व्याकरण न सांगता केवळ वारंवारतेच्या बळावर यंत्र प्रत्ययांपर्यंत कसे पोहोचते आणि कुठे चुकीच्या जागी कापते, हे दोन्ही त्या दुपारी समोर दिसले. दोन विभागांतील मुले एकमेकांना खऱ्या अर्थाने प्रश्न विचारू लागली ती तेव्हापासून.

वाचनाच्या पद्धतीबाबत आम्ही दोन ठिकाणांहून उसने घेतले. एस. केशव यांनी २००७ मध्ये शोधनिबंध तीन फेऱ्यांत वाचण्याची जी रीत मांडली, तिच्यातील पहिली फेरी, म्हणजे शीर्षके, सारांश, प्रस्तावना आणि निष्कर्ष यांवरून निबंधाचा आवाका ओळखणे, प्रत्येकाने घरून करून यायची. ॲलेक जेकबसन आणि कॉलिन रॅफेल यांनी वर्गात मुलांना निरनिराळ्या भूमिका देऊन निबंध वाचण्याची जी पद्धत सुचवली, तिच्यातून आम्ही समीक्षक, आधीचे काम शोधणारा आणि प्रयोग करून पाहणारा अशा भूमिका घेतल्या. त्यांत आमची एक भर घातली. एकाने निबंधातील मुख्य दावा मराठीच्या एखाद्या वाक्यावर तपासायचा, आणि ते वाक्य पुस्तकातले नको, घरी किंवा गावात प्रत्यक्ष बोलले गेलेले हवे. माझ्या मते गटाचा जीव या शेवटच्या भूमिकेत आहे.

चर्चा मराठीत चालते. निबंध इंग्रजीत असतो आणि तो इंग्रजीतच वाचावा लागतो, पण समजलेले सांगताना मुलाने मराठीत सांगितले की त्याला खरोखर किती कळले ते लगेच उमगते. इंग्रजीतील वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवणे सोपे असते. तेच मराठीत सांगताना कर्ता कोण, कशावर काय केले आणि किती फरक पडला हे जागच्या जागी ठरवावे लागते. तांत्रिक शब्द आम्ही बदलत बसत नाही. टोकन (मजकुराचा तुकडा), मॉडेल, लेबल (वाक्याला किंवा शब्दाला माणसाने दिलेली वर्गाची खूण) हे शब्द मुले वापरतात, मीही वापरते.

अनुवादाची गुणवत्ता मोजणाऱ्या ब्लू या मोजमापाविषयीचा २००२ सालचा निबंध वाचताना वाक्य तपासण्याची ही सवय फार उपयोगी पडली. किशोर पापिनेनी आणि सहकाऱ्यांनी मांडलेले हे मोजमाप यंत्राच्या अनुवादातील शब्द आणि शब्दांच्या सलग साखळ्या माणसाने केलेल्या अनुवादात किती सापडतात ते पाहते. मुलांनी त्याच्यापुढे ‘तो उद्या गावी जाईल’ आणि ‘तो उद्या गावाला जाईल’ ही दोन वाक्ये ठेवली. आपल्या कानाला दोन्ही ठीक, पण मोजमापाच्या लेखी तिसरा शब्द पूर्ण चुकलेला, आणि त्याच्यामुळे त्यातून जाणारी प्रत्येक साखळीही तुटलेली. प्रत्यय शब्दाला चिकटून येणाऱ्या भाषेला हा दंड वारंवार बसतो. मग माया पोपोविच यांचे २०१५ सालचे, अक्षरांच्या साखळ्या मोजणारे सीएचआरएफ हे मोजमाप कशासाठी आले, हे समजावून सांगावे लागले नाही.

तरीही गटाला त्याची स्वतःची दिशा मिळाली ती विदेवरच्या, म्हणजे डेटावरच्या निबंधांतून. प्रतीक जोशी आणि सहकाऱ्यांचा २०२० सालचा निबंध उपलब्ध साधनसामग्रीच्या आधारे जगातील भाषांचे शून्य ते पाच असे सहा वर्ग करतो. त्यात इंग्रजी पाचव्या वर्गात, हिंदी चौथ्या, आणि मराठी दुसऱ्या वर्गात आहे. कोट्यवधी लोक बोलत असलेली, शतकानुशतकांचे लिखित वाङ्मय असलेली आपली भाषा दुसऱ्या वर्गात पाहून मुले अस्वस्थ झाली, आणि त्यांना तसे व्हावे असे मलाही वाटत होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा गटातील एकाने हाच तक्ता पुन्हा काढला. अभिजाततेचा निकष भाषेच्या भूतकाळाकडे पाहतो आणि हा तक्ता लेबल लावलेल्या व न लावलेल्या मजकुराचे ढीग मोजतो, त्यामुळे एकामुळे दुसरा आपोआप बदलत नाही. तो बदलायचा तर कोणीतरी बसून वाक्यांना लेबले लावावी लागतात.

त्यानंतर एमिली बेंडर आणि बात्या फ्रीडमन यांचा २०१८ सालचा निबंध वाचला. कोणताही भाषिक संग्रह प्रसिद्ध करताना मजकूर का निवडला, तो भाषेच्या कोणत्या प्रकारातला आहे, बोलणारे कोण होते आणि लेबल लावणारे कोण होते, हे लिहून ठेवावे अशी त्यांची मागणी आहे. मराठीच्या मुलांना ती नवी वाटली नाही. बोलींचा अभ्यास करणारा माणूस निवेदकाचे गाव, वय आणि शिक्षण नोंदवल्याशिवाय पुढे जातच नाही. संगणकाच्या मुलांना मात्र मजकूर आणि माणूस यांची अशी सांगड घालण्याची सवय नव्हती. तेव्हापासून आमच्याकडे निबंधातील विदेचा विभाग सर्वांत आधी वाचला जातो, मॉडेलचा त्यानंतर.

पुण्यातील एलथ्रीक्यूब या गटाने २०२१ मध्ये मराठी ट्विटांचा एक संग्रह प्रसिद्ध केला. त्यात सुमारे १६,००० ट्विटांना सकारात्मक, नकारात्मक किंवा तटस्थ असे लेबल आहे. तो निबंध वाचल्यावर आपणही थोडी वाक्ये लेबल लावून पाहू, असे ठरले. वाक्ये मुलांनीच आणली. विषय पाऊस-पाण्याचा निघाला, कारण ते दिवसच तसे होते. प्रत्येक वाक्याला दोघांनी स्वतंत्रपणे, एकमेकांचे न पाहता, लेबल द्यायचे होते.

निकाल जुळवायला बसलो तेव्हा ‘दिवसभर पाऊस सुरू होता’ या साध्या वाक्यावर वाद सुरू झाला. माण तालुक्यातील मुलाने ते सकारात्मक ठरवले होते, जावळीतील मुलीने नकारात्मक, आणि साताऱ्यातच वाढलेल्या तिसऱ्याच्या मते ते तटस्थ होते. सातारा जिल्हा ज्यांनी पाहिला आहे त्यांना याचे कारण सांगायला नको. पश्चिमेला महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि पूर्वेला माण तालुक्यात पाचशेच्या आसपास पडला तरी लोक वर्ष निभावले म्हणतात. जावळीची मुलगी म्हणाली, “मॅडम, आमच्याकडं जुलैत ‘पाऊस थांबला’ हीच चांगली बातमी असते.” माणचा मुलगा शांतपणे म्हणाला, “आमच्याकडं नुसतं पडला म्हटलं तरी पुरे. चांगला पडला असं वेगळं सांगावं लागत नाही.” ‘कोयना भरली’ या वाक्यावर असेच झाले. वीज आणि शेतीचे पाणी डोळ्यांपुढे असलेल्यांनी त्याला सकारात्मक म्हटले. कराडला नदीकाठी घर असलेल्या मुलीने, आता दरवाजे उघडणार या धास्तीने, नकारात्मक.

संख्याशास्त्राच्या सरांनी त्या दिवशी जेकब कोहेन यांचा १९६० सालचा ‘कप्पा’, म्हणजे दोघांचे एकमत योगायोगापेक्षा किती वर आहे हे सांगणारा आकडा, फळ्यावर उलगडून दाखवला, आणि तो मी इथे मांडते, कारण मराठीत तो असा सोडवलेला क्वचित वाचायला मिळतो. समजा दोन जणांनी १०० वाक्यांना दोनच लेबलांपैकी एक दिले आणि ८० वाक्यांवर त्यांचे एकमत झाले. ऐकायला हे उत्तम वाटते. पण दोघांनीही ८० वाक्यांना पहिले लेबल आणि २० वाक्यांना दुसरे दिले असेल, तर वाक्य न वाचता, याच प्रमाणात डोळे झाकून लेबले वाटली तरी ०.८ गुणिले ०.८ अधिक ०.२ गुणिले ०.२, म्हणजे ०.६८ इतके एकमत योगायोगानेच होते. खरे एकमत योगायोगाच्या वर ०.१२ एवढेच चढले. चढायला जागा होती ०.३२ ची. ०.१२ भागिले ०.३२ म्हणजे कप्पा ०.३७५. म्हणून निबंधात नुसते ‘८० टक्के एकमत’ असे दिसले की मुले आता लेबलांची वाटणी विचारतात.

आमच्या वाक्यांवरचा कप्पा कमीच आला. रूढ उपाय असा की सूचना अधिक काटेकोर करायच्या, पुन्हा लेबले लावायची आणि उरलेल्या वादात बहुमताचा कौल घ्यायचा. काही वाक्यांना हा उपाय योग्य होता, कारण तिथे आमच्या सूचनाच मोघम होत्या. पण पावसाच्या वाक्यावर बहुमत घेतले असते तर ज्या तालुक्यातील मुले त्या दिवशी जास्त हजर होती त्या तालुक्याचा पाऊस सबंध मराठीचा पाऊस ठरला असता. नेमक्या याच प्रश्नावर बार्बरा प्लँक यांचा २०२२ सालचा निबंध आहे. लेबल लावणाऱ्यांतील मतभेद सरसकट चूक म्हणून पुसून टाकू नयेत, त्यांतील काही माहिती म्हणून जपावेत आणि संग्रह प्रसिद्ध करताना सर्वांची लेबले सुटी ठेवावीत, असा त्यांचा युक्तिवाद आहे. आम्ही तो पुढच्याच शनिवारी वाचायला घेतला. इतक्या तयारीने वाचला गेलेला दुसरा निबंध मला आठवत नाही, कारण प्रत्येकाजवळ त्याविषयी बोलायला स्वतःचे एक वाक्य होते.

वाक्यरचनेच्या निबंधांसाठी आम्ही युनिव्हर्सल डिपेंडन्सीजमधील मराठी संग्रह वापरतो. दीडशेहून अधिक भाषांची वाक्ये एकाच लेबलसंचात बसवण्याचा हा प्रकल्प आहे, आणि त्यातील मराठीचा संग्रह ४६६ वाक्यांचा, बहुतांशी विकिस्रोतावरील गोष्टींतून घेतलेला. मॉडेल शिकवायला तो अपुरा आहे. माणसांना वाचायला मात्र फारच सोयीचा, कारण सत्रभरात तो पूर्ण वाचून होतो. ‘मला ताप आला’ यासारख्या वाक्यांवर आमचा बराच वेळ जातो. क्रियापद तापाप्रमाणे चालते, अनुभव मात्र ‘मला’मध्ये आहे. हैदराबादच्या आयआयआयटी या माहिती-तंत्रज्ञान संस्थेत पाणिनीय कारकविचारावर उभारलेल्या पद्धतीत अशा पदाला अनुभवकर्ता म्हणून वेगळे लेबल दिले जाते. एका पद्धतीत सगळ्या भाषा शेजारी ठेवता येतात, दुसरीत आपल्या भाषेचे वळण अधिक नेमके टिपता येते. मला स्वतःला दुसरी जवळची वाटते. संगणकाचे सहकारी पहिलीच्या बाजूने बोलतात, आणि मुलांनी आमच्यापैकी कोणाचे निमूटपणे ऐकू नये असा आमचा दोघांचा आग्रह असतो.

परीक्षांच्या आधी हजेरी रोडावते. त्या काळात आम्ही नवा निबंध न घेता जुन्या निबंधांची टिपणे पक्की करतो. प्रत्येक निबंधाचे एक पानभर मराठी टिपण ठेवायचे, अशी रीत आहे: प्रश्न काय होता, विदा कोणाची, लेबले कोणाची, मुख्य तक्त्यातील कोणता आकडा दाव्याला आधार देतो, आणि आमच्या मराठी वाक्याचे काय झाले. अलीकडे काही मुले चॅट करणाऱ्या मॉडेलकडून सारांश काढून आणतात. त्याला बंदी नाही, कारण या विषयाच्या विद्यार्थ्याने ती साधने वापरून पाहिलीच पाहिजेत. अट एवढीच, की तक्त्यातील आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून, तो कोणत्या ओळीत आणि कोणत्या स्तंभात आहे हे बोट ठेवून दाखवायचे. सारांशात न आलेली गोष्ट बहुधा तिथेच सापडते.

पाऊस-पाण्याचा आमचा छोटा संग्रह आम्ही वाढवत आहोत. त्यात प्रत्येक वाक्यापुढे दोन्ही लेबले वेगवेगळी ठेवली आहेत; लेबल लावणाऱ्याचे नाव नाही, पण तालुका, आणि घरी शेती आहे की नाही, एवढे नोंदवलेले आहे. पुढील सत्रात ध्वनीवरचे निबंध घ्यायचे ठरले आहे. डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींच्या सर्वेक्षणातील ध्वनिमुद्रणे खुली केली आहेत. त्यांतील आपल्या जिल्ह्याची मुद्रणे ऐकून, उच्चारावरून मजकूर लिहिणारी यंत्रे त्यांचे काय करतात, हे पाहण्याचे काम गटातील दोघांनी अंगावर घेतले आहे.